रंगभूमी शिकायला विद्यापीठात जाताय? आधी एक जाड वही घ्या

समकालीन रंगभूमी आणि सादरीकरण या विषयाला प्रवेश घेतला तेव्हा माझी समजूत होती की आता तीन वर्षं नुसती नाटकं करायची. पहिल्या सत्राच्या शेवटी आमच्या गटाचा प्रयोग झकास रंगला. लोक हसले, नंतर गप्प झाले, शेवटी टाळ्या वाजवल्या. निकाल लागला आणि मी जेमतेम काठावर. चौकशी केली तर कळलं की प्रयोगाला ४० टक्के गुण होते आणि तालमीच्या वहीला व तिच्यावर बेतलेल्या लेखाला ६०. माझ्या वहीत तालमींच्या वेळा होत्या, कुणाकडून किती पैसे यायचेत याचा हिशोब होता आणि एका पानावर बुटाचं चित्र होतं. ते बुटाचं चित्र का काढलं, हेही मला आठवत नव्हतं.

मराठीत रंगमंचावरच्या खेळालाही आपण 'प्रयोग' म्हणतो आणि प्रयोगशाळेत चालतं त्यालाही. विद्यापीठाला दोन्ही अर्थ हवे असतात. ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर एक अख्खं वर्ष वाचलं असतं. तुमचं तरी वाचावं म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

१. नाट्यशाळा हवी की विद्यापीठ, हे आधी ठरवा

घाम दोन्हीकडे गाळावा लागतो, म्हणून गोंधळ होतो. नाट्यशाळा तुम्हाला व्यवसायासाठी घडवते: आवाज, शरीर, संवादफेक, कॅमेऱ्यासमोरचं काम, ऑडिशनची तयारी. तिथे रोजचा प्रश्न 'हे चांगलं कसं करायचं' हा असतो. विद्यापीठात प्रश्न वेगळा पडतो: हे असंच का करतात, कुणासाठी करतात, आणि वेगळ्या तऱ्हेनं केलं तर काय होईल. अभिनय तिथेही आहे, पण अनेक गोष्टींतली एक म्हणून.

'सादरीकरण' हा शब्दही तिथे बराच ऐसपैस वापरतात. दिग्दर्शक रिचर्ड शेकनर आणि मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी एकमेकांच्या कामात डोकावायला सुरुवात केली, आणि नाटकाच्या शेजारी विधी, खेळ, मिरवणुका, न्यायालयातलं कामकाज, रोजचं वागणं असं सगळंच अभ्यासाला आलं. न्यूयॉर्क विद्यापीठात १९८० साली याचा स्वतंत्र विभाग झाला. तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्हाला रेल्वेच्या फलाटावर जाऊन लोक रांगेत कसे उभे राहतात ते पाहून यायला सांगितलं, तर आपली फसवणूक झाली असं समजू नका.

एक सोपी परीक्षा सांगते. सलग सहा महिने तुम्हाला रंगमंचावर पाऊल ठेवायला मिळालं नाही, पण एकाच प्रयोगावर ३००० शब्द लिहायला लागले, तर तुम्ही वैतागाल की त्यात गुंताल? वैतागणार असाल तर नाट्यशाळा बघा. त्यात कमीपणा काही नाही. आमच्या वर्गातले दोघं पहिल्या वर्षानंतर तिकडे गेले आणि खूश आहेत.

२. माहितीपत्रकातले फोटो सोडून मूल्यमापनाचा तक्ता वाचा

मुखपृष्ठावर निळ्या प्रकाशात झेप घेणारी मुलगी असतेच. तिच्यावरून अभ्यासक्रमाचा अंदाज येत नाही. एकाच नावाच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एकात ७० टक्के लेखन आणि दुसऱ्यात ७० टक्के प्रात्यक्षिक असू शकतं. म्हणून प्रत्येक विषयाचं वर्णन उघडा आणि शेवटचा तक्ता पाहा: निबंधाला किती, प्रयोगाला किती, वहीला किती, तोंडी परीक्षेला किती.

श्रेयांकांचा (म्हणजे क्रेडिट्सचा) अर्थही समजून घ्या. युरोपातल्या पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. यातले वर्गातले तास थोडेच, उरलेले तुमचे तुम्ही वाचनात आणि तालमीत घालवायचे. वेळापत्रकात आठवड्याला दहाच तास दिसले म्हणून 'बाकी वेळ मोकळा' असं गणित मांडू नका. मी मांडलं होतं.

खुल्या दिवशी, म्हणजे इच्छुकांना विभाग पाहू देतात त्या दिवशी गेलात, तर प्राध्यापकांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि हे विचारा:

- तालमीची खोली रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि पहिल्या वर्षाला ती खरंच मिळते का?
- प्रकाश आणि ध्वनीसाठी पगारी तंत्रज्ञ आहे, की सगळं विद्यार्थ्यांवरच?
- गटाच्या प्रयोगात सगळ्यांना सारखेच गुण मिळतात, की प्रत्येकाला वेगळे?
- नाटकं पाहायला जायचा खर्च कोण करतं?

शिकवणाऱ्यांचं स्वतःचं काम पाहायलाही विसरू नका. कुणी बाहुल्यांवर काम करतं, कुणी तुरुंगातल्या रंगभूमीवर, कुणी नृत्यावर. शेवटच्या वर्षी मार्गदर्शक यांच्यातूनच निवडायचा असतो.

३. अर्ज: कागद लवकर जमवा, निवेदन उशिरापर्यंत घासत राहा

साधारणपणे हे लागतं:

- गुणपत्रिका आणि उत्तीर्ण झाल्याचे दाखले; दुसऱ्या भाषेत असतील तर प्रमाणित अनुवाद
- ओळखपत्र, परदेशी जाणार असाल तर मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
- शिकवण्याची भाषा तुमची नसेल तर भाषा चाचणीचा निकाल
- एक किंवा दोन शिफारसपत्रं
- निवेदन, म्हणजे ज्याला सगळे एसओपी म्हणतात ते
- पोर्टफोलिओ: फोटो, चित्रफिती, संहितेची पानं, नेपथ्याची रेखाटनं, जे असेल ते
- काही ठिकाणी लेखनाचा नमुना

शिफारसपत्र तुमचं काम पाहिलेल्या माणसाकडून घ्या. मोठ्या नावाच्या नटानं लिहिलेल्या 'मुलगी गुणी आहे' या चार ओळींपेक्षा, तुमच्यासोबत सहा आठवडे तालीम केलेल्या शिक्षकाचं एक पान जड पडतं.

निवेदनात 'मला लहानपणापासून नाटकाची आवड' हे वाक्य आलं असेल तर खोडा. अर्ज वाचणाऱ्यानं ते त्याच दिवशी पन्नास वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी पाहिलेल्या एखाद्या प्रयोगातला एकच क्षण घ्या आणि त्या क्षणी नेमकं काय घडलं, तुम्हाला काय खटकलं, त्यातून कोणता प्रश्न पडला ते लिहा. तो प्रश्न सुटलेला असायची गरज नाही.

चित्रफितीचा सापळा नवशिक्यांना हमखास गाठतो. संगीत घालून, दर तीन सेकंदाला कापून केलेली चकचकीत फीत पाठवू नका. न कापलेली पाच मिनिटं पाठवा, आवाज थोडा खरखरीत असला तरी चालेल. खाली एक ओळ हवीच: यात तुम्ही काय केलंत. आठ जणांच्या प्रयोगात तुम्ही प्रकाशयोजना केली असेल आणि तसं लिहिलं नसेल, तर निवड समिती रंगमंचावर तुमचा चेहरा शोधत बसते.

४. निवड कार्यशाळेत पाठांतर कामाला येत नाही

बऱ्याच ठिकाणी ऑडिशनऐवजी दोन-तीन तासांची कार्यशाळा घेतात. खोलीत चालायला लावतात, गटात एखादं छोटं दृश्य रचायला सांगतात, मग बसून चर्चा. पाहणाऱ्यांचं लक्ष तुम्ही दुसऱ्याचं ऐकता का, इकडे असतं. दर वेळी पुढाकार घेऊन सगळ्यांना जागा वाटून देणारा उमेदवार तिथे मागे पडतो. सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून राहणाराही पडतो.

सैल कपडे घाला, अनवाणी काम करायची तयारी ठेवा, दागिने घरी ठेवा. 'अलीकडे काय पाहिलंत?' हा प्रश्न येणारच. न पाहिलेल्या प्रयोगाचं नाव घेऊ नका, पुढचा प्रश्न त्यातल्याच एखाद्या प्रसंगावर असतो. मी घेतलं होतं. पुढची दोन मिनिटं मी जी उत्तरं दिली, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट उत्स्फूर्त अभिनय.

५. पहिल्या सत्राचं वाचन: कुठल्या दारानं आत शिरायचं

इथे बरेच जण घाबरतात. वाचनयादी आली की त्यात नाटकं कमी आणि तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र जास्त. यादी वरून खाली वाचायला घेतली की तिसऱ्या पानावर झोप येते. चार-पाच कल्पना आधी पकडल्या तर बाकीचं त्यांच्याभोवती आपोआप बसतं.

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञानं १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली. ती १९६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपात आली. त्याचं म्हणणं असं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारली की काम होऊन जातं. 'मी वचन देतो' म्हटलं की वचन दिलं गेलं. गंमत अशी की तेच वाक्य नटानं रंगमंचावर म्हटलं तर ते पोकळ ठरतं असं सांगून त्यानं नाटकाला दाराबाहेर उभं केलं. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याक देरिदानं नेमकं तेच दार ढकललं: रोजच्या आयुष्यातलं वचन तरी आधी कुणी उच्चारलेल्या शब्दांची उजळणी नसतं का? अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलरनं १९९० साली ही कल्पना लिंगभावाला लावली: बाई किंवा पुरुष असणंही पुन्हा पुन्हा केलेल्या वागण्यातून घडतं. हा धागा एकदा कळला की वर्गात दर दोन मिनिटांनी 'परफॉर्मेटिव्ह' (उच्चारानं किंवा कृतीनं घडवून आणणारं) हा शब्द का येतो ते कळतं. तो 'नाटकी' या अर्थानं वापरू नका, निबंधात लाल शाई हमखास पडते.

अर्व्हिंग गॉफमन हा समाजशास्त्रज्ञ उलट्या बाजूनं आला. रोजच्या वागण्यात आपण 'समोरची बाजू' आणि 'पडद्यामागची बाजू' कशी सांभाळतो, ते त्यानं १९५० च्या दशकात मांडलं. त्याचं वाचन सोपं आहे, सुरुवात त्याच्यापासूनच करा. शेकनरचं एक सूत्रही वहीच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवा: सादरीकरण म्हणजे दुसऱ्यांदा केलेलं वागणं. तालीम, विधी, सवय या तिन्ही गोष्टींना ते लागू पडतं.

मग जर्मन नाट्याभ्यासक हान्स-थीस लेमान. त्याचं उत्तर-नाट्य रंगभूमीवरचं जर्मन पुस्तक १९९९ सालचं. १९७० च्या दशकापासूनच्या कितीतरी प्रयोगांत संहिता आणि कथानक सिंहासनावरून उतरले आणि प्रतिमा, आवाज, शरीर, वेळ ही सगळी त्यांच्या बरोबरीनं बसली, असं तो सांगतो. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन आणि संगीतकार फिलिप ग्लास यांचं १९७६ साली फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे झालेलं 'आइन्स्टाइन ऑन द बीच' आठवा: मध्यंतर नाही, लांबी पाचेक तास, प्रेक्षकांनी हवं तेव्हा बाहेर जावं आणि परत यावं. तिथे 'गोष्ट काय आहे' हा प्रश्न घेऊन बसलेला माणूस पहिल्या तासात दमतो. मात्र उत्तर-नाट्य म्हणजे नाटकाचा शेवट झाला असं लेमान म्हणत नाही. विद्यार्थी तसं लिहितात आणि गुण घालवतात.

शेवटचा वाद पेगी फेलन आणि फिलिप ऑसलँडर या दोन अमेरिकन अभ्यासकांचा. फेलन १९९३ साली म्हणाली की सादरीकरण वर्तमानातच जगतं. त्याचं ध्वनिचित्रमुद्रण केलं की ती दुसरीच वस्तू झाली. ऑसलँडर १९९९ साली म्हणाला की मुद्रण करणारी यंत्रं नसती तर 'जिवंत प्रयोग' ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. तुम्ही कुणाच्या बाजूचे, हे पहिल्याच सत्रात ठरवायची घाई करू नका.

वाचायची माझी रीत सांगते: आधी प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण, मग मधलं एखादं उदाहरण. प्रत्येक लेखासाठी वहीत तीन ओळी. हा कुणाशी भांडतोय, कुठला प्रयोग पुरावा म्हणून देतोय, आणि मला काय पटलं नाही. यातली तिसरी ओळ पुढे निबंध होते.

६. तालमीच्या खोलीत

इथे कुठल्याही एका घराण्याची दीक्षा मिळत नाही. एका आठवड्यात अॅन बोगार्ट आणि टीना लँडाऊ या अमेरिकन दिग्दर्शिकांचे नऊ 'व्ह्यूपॉइंट्स' असतात: वेग, कालावधी, पुनरावृत्ती, आकार वगैरे धरून, काही न ठरवता गटानं एकत्र हलायचं. पुढच्या आठवड्यात नृत्य-अभ्यासक रुडॉल्फ लाबानची हालचालींची परिभाषा. मग शेकनरचा रसांच्या चौकटींचा सराव: जमिनीवर नऊ चौकोन आखायचे, आठांत नाट्यशास्त्रातले आठ रस लिहायचे, मधला शांताचा, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात पाय पडताच शरीर, श्वास, चेहरा बदलायचा. वरवर पोरखेळ वाटतो. दहाव्या मिनिटाला भयानकातून हास्यात जाताना पोटात गोळा येतो.

पिशवीत काय असावं: पाण्याची बाटली, जाडसर मोजे, पेन्सिल (पेन उताणं पडून लिहीत नाही), जमिनीवर खुणा करायला रंगीत चिकटपट्टी, खडू, मोजपट्टी, छोटी बॅटरी. वायरी झाकायची जाड कापडी पट्टी स्वतःची विकत घ्या; विभागातली नेमकी प्रयोगाच्या दिवशी संपते.

स्पर्श, कपडे बदलणं, खाजगी आठवणी वापरणं यांविषयी तालीम सुरू व्हायच्या आधी गटात बोला. 'नको' म्हणायची मुभा सुरुवातीलाच ठरवलेली बरी, ऐन दृश्यात ती मागता येत नाही. स्वतःच्या दुःखाचं दृश्य करायची पहिल्या वर्षात फार ओढ असते. जखम ओली असेल तर थांबा. परीक्षकासमोर रडू आलं म्हणून गुण वाढत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचं असतं.

७. वही, वही, वही

आता मुद्द्याचं. प्रयोग चाळीस मिनिटांत संपतो आणि त्याच रात्री नेपथ्य मोडलं जातं. बाह्य परीक्षक दोन महिन्यांनी येतो. त्याच्यासमोर उरतं काय? हा प्रश्न काही विद्यापीठांनी काढलेला नाही. चेखवचं 'सीगल' १८९६ साली सेंट पीटर्सबर्गला पडलं आणि १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरमध्ये उचललं गेलं. त्या दुसऱ्या प्रयोगासाठी दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कीनं दृश्यागणिक लिहिलेली टिपणं आणि आराखडे टिकले म्हणून तो काय करू पाहत होता ते आज वाचता येतं. जर्मन नाटककार ब्रेख्तनं आपल्या प्रयोगांची छायाचित्रं आणि टिपणं एकत्र करून 'नमुना-पुस्तकं' तयार केली. १९४८ च्या 'अँटिगनी'ची छायाचित्रं रूथ बेर्लाऊनं काढली होती. आयरिश नाटककार बेकेटनं १९७५ साली बर्लिनमध्ये आपलं 'वेटिंग फॉर गोदो' स्वतःच बसवलं तेव्हा हालचालींच्या आकृत्या काढून वह्या भरल्या. एवढ्या मोठ्या माणसांना वहीची गरज वाटली, आणि मी बूट काढत बसले होते.

वही कशी ठेवायची? तालीम संपल्यावर, निघायच्या आधी, दहा मिनिटं. घरी गेल्यावर लिहीन म्हणालात की गेलं. मी पान उभं दुमडून दोन भाग करते. डावीकडे काय घडलं: 'तिसऱ्यांदा करताना तिनं खुर्ची प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवली, सगळे गप्प झाले.' उजवी बाजू तेव्हा कोरी. दोन दिवसांनी तिथे लिहायचं की हे का झालं असेल, कुठल्या वाचनाशी जुळतं, पुढच्या तालमीत काय करून पाहायचं. डावीकडच्या भागात 'मस्त', 'भारी', 'जमलं नाही' हे शब्द वर्ज्य. खुर्ची किती पावलं दूर होती ते लिहा.

फसलेल्या गोष्टी आधी लिहा. शेवटच्या लेखात परीक्षक विचारतो की अमुक निर्णय का घेतला, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा टाकून दिलेल्या तीन पर्यायांत असतं. ते पर्याय वहीत नसतील तर तुम्ही मागाहून कारणं रचू लागता, आणि रचलेली कारणं ओळखू येतात.

आवाजाची टिपणं, फोटो, फोनवरच्या फिती यांना त्याच दिवशी तारखेची नावं द्या आणि दोन ठिकाणी साठवा. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच_फायनल' असल्या नावांच्या फितींत मी एक रविवार घालवला आहे.

८. पाहायला शिका, मग लिहा

प्रयोगाच्या विश्लेषणात पहिला सापळा म्हणजे लगेच मत देणं. आधी वर्णन. प्रेक्षक कुठून आत आले, दिवे कधी गेले, पहिला आवाज कोणता, नट प्रेक्षकांकडे पाहतात का, कंटाळा नेमका कधी आला. फ्रेंच अभ्यासक पात्रिस पाविस यानं यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली आहे. सुरुवातीला ती जशीच्या तशी वापरली तरी चालतं. कंटाळ्याची नोंद विशेष जपा, समकालीन प्रयोगांत तो पुष्कळदा मुद्दाम ठेवलेला असतो.

न पाहिलेल्या प्रयोगांवरही लिहावं लागतं. सादरीकरण-कलावंत मारिना अब्रामोविचचं 'रिदम झीरो' १९७४ साली नेपल्समध्ये झालं: सहा तास, टेबलावर ७२ वस्तू, आणि त्या तिच्यावर हव्या तशा वापरायची प्रेक्षकांना मुभा. आपल्यापाशी आहेत ते काही फोटो आणि सांगितलेल्या हकिगती. तेव्हा 'प्रेक्षक हिंसक झाले' असं ठोकून देण्याऐवजी, हे कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे वेगळं करून लिहा. चित्रफीत पाहून लिहीत असाल तर तसं स्पष्ट म्हणा. कॅमेरा कुठे होता हेही.

९. गटाचं काम

पहिल्याच बैठकीत एक पान लिहा: कोण काय करणार, तालमी कधी, उशीर झाला तर काय, निर्णय अडला तर शेवटचा शब्द कुणाचा. सगळ्यांनी सह्या करा. मैत्रीत हे ओशाळवाणं वाटतं, चौथ्या आठवड्यात मात्र त्याच पानाला सगळे शोधत येतात.

१०. शेवटचा प्रकल्प: तारखेपासून उलटं मोजत या

इथे सरावातून संशोधन करायचं असतं. विषय आणि प्रश्न यांतला फरक आधी करा. 'स्थलांतर' हा विषय झाला. 'दोन भाषांतल्या संहितेत प्रेक्षकाला एकच भाषा येत असेल, तर तो नटाचं काय पाहू लागतो?' हा प्रश्न, आणि तो तालमीत तपासता येतो.

प्रयोगाच्या तारखेपासून मागे मोजत या चार गोष्टी वेळेत करा:

- नैतिक मान्यता. खऱ्या माणसांच्या मुलाखती घेऊन नाटक करणार असाल तर पहिली मुलाखत घ्यायच्या आधी विद्यापीठाची परवानगी आणि प्रत्येकाचं लेखी संमतीपत्र लागतं. आधी मुलाखती घेऊन मग अर्ज केलात तर ते ध्वनिमुद्रण वापरू दिलं जात नाही. मुलं किंवा रुग्ण असतील तर आणखी वेळ धरा.
- जोखमीचा तक्ता. पाणी, आग, धूर, उंची, अंधार, काच. 'एकच मेणबत्ती आहे' हे कारण चालत नाही. अग्निसुरक्षेचा माणूस आधी येऊन पाहून जातो.
- संहितेचे हक्क. अनेक देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं आणि भारतात ६० वर्षं हक्क राहतात. चेखव केव्हाच मुक्त झाला, पण तुम्ही घेतलेला अनुवाद कदाचित झालेला नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. शब्द न बदलताही अडचण येऊ शकते. अमेरिकन रेपर्टरी थिएटरनं १९८४ साली बेकेटचं 'एंडगेम' भुयारी रेल्वेच्या पडक्या स्थानकाचं नेपथ्य लावून केलं तेव्हा बेकेटनं हरकत घेतली, आणि शेवटी त्याचा निषेध कार्यक्रमपत्रिकेत छापून प्रयोग करावे लागले.
- तांत्रिक तालमीचा दिवस. खोली आणि तंत्रज्ञ दोन्ही लेखी मागा. आठ मिनिटांच्या दृश्यातले दिवे बसवायला दोन तास लागतात, हे धरून चाला.

तोंडी परीक्षेला वही घेऊन जा, पानांना खुणा लावून. 'हे का वगळलं?' असं विचारलं की ते पानच पुढे करा.

प्रयोगाच्या रात्री टाळ्या झाल्या, फुलं मिळाली, सगळे बाहेर फोटो काढतायत. तेवढ्यात आत जा. कामाचे दिवे लावा, शिडीवर चढा आणि जमिनीवरच्या पट्ट्या उखडायच्या आधी वरून तिचे फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून. मग झाडू घ्या. खोली सकाळी नऊला दुसऱ्या गटाची असते.